कांडपावर पास झालेला मास्क

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात पारखून न घेता घरात आणलेली एकच गोष्ट म्हणजे माझी थोरली बहीण, आणि तीसुद्धा बघण्याच्या कार्यक्रमाला त्यांच्या वडिलांनी त्यांना मुद्दाम घरी ठेवलं म्हणून. वडिलांना आपला मुलगा ठाऊक होता. हा मुलीकडच्यांच्या ओसरीवर बसेल, पोह्यांची बशी बाजूला सारेल आणि आधी विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस येतो का ते बघायला उठेल, ही त्यांची भीती अगदी रास्त होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला दाजी आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी ते केलंच. फेस कमी आला. "मामा, पाणी जड हाय तुमचं," असं त्यांनी माझ्या वडिलांना भरल्या घरात सांगितलं. वडील भाऊबीजेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. अक्का म्हणते, त्या दिवशी तिला नवऱ्याचा पहिल्यांदा राग आला आणि हसूही पहिल्यांदाच आलं, आणि पुढे सगळा संसारभर ही दोन्ही जोडीनेच येत राहिली.

दाजी म्हणजे या अक्काचे यजमान. निमगाव सावाला त्यांची शेती आहे. टोमॅटो, कांदा आणि उन्हाळ्यात खरबूज. अंगाने काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, आणि डोळे कायम बारीक केलेले, समोरची वस्तू आपल्याला फसवणार हे धरून चाललेले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. दाजींचं तोंड दुधाने कधीच पोळलं नव्हतं, तरी ते ताक फुंकायचेच, शिवाय सरबतही फुंकायचे. आळे गावच्या बाजारात छत्री घ्यायची झाली की ती उघडून, उलटी धरून, तीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि थेंब गळतो का ते बघत दुकानदाराच्या गादीशेजारी उभं राहायचं, हा त्यांचा नेम. हेल्मेट घेतलं तेव्हा ते नारळाला घालून, करकचून बांधून, घराच्या स्लॅबवरून खाली सोडलं. हेल्मेटला चीर गेली, नारळ शाबूत राहिला. "डोस्कं वाचलं!" म्हणून दाजी इतके खूश झाले की तेच चिरलेलं हेल्मेट त्यांनी पुढे चार वर्षं वापरलं. एकदा गावात कोणी नावाजलेले ज्योतिषी आले. दाजींनी त्यांना शेजाऱ्याच्या मेंढीची जन्मवेळ दिली. ज्योतिषांनी कुंडली मांडली, परदेशगमनाचा योग सांगितला, फक्त सासूशी जरा जमवून घ्यावं लागेल म्हणाले. दाजींनी हात जोडले, दक्षिणा ठेवली, चहा पाजला, आणि मग त्यांना मागच्या दारी नेऊन मेंढी दाखवली.

"छापल्यालं समदं खरं असतंय, पर कागदापुरतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बियाण्याच्या पुडीवर शंभरातले किती दाणे उगवतील ते छापलेलं असतं. दाजी पुडी फोडून शंभर बिया मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि ती वळकटी घरात उबेला ठेवायचे. ऊब कुठे मिळेल ते सांगता येत नसे. एकदा मी आठवडाभर मुक्कामाला होतो. एका पहाटे कुशीखाली ओलसर लागलं म्हणून दचकून उठायला गेलो, तर उशाशी बसलेल्या दाजींनी माझा खांदा दाबून धरला. "पावणं, घाई नगा करू, मोड मोडतील." अलगद मला बाजूला करून त्यांनी गादीखालची वळकटी काढली, दाणा न् दाणा मोजला आणि कौतुकाने माझ्याकडे बघितलं. "लई चांगली ऊब हाय तुमच्या अंगाला. ब्याण्णव उगवलं." पुढे अनेक वर्षं, पेरणीच्या आधी मला अगत्याने मुक्कामाचं बोलावणं येत असे. ते प्रेमापोटी की बियाण्यापोटी, हे मी कधी खोदून विचारलं नाही.

मी सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासणारा माणूस, म्हणजे लॅब टेक्निशियन. अर्थात माझीही परीक्षा झाली. आंबेगाव तालुक्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात माझी नेमणूक झाली त्याच महिन्यात दाजी रक्त तपासायला आले. त्यानंतर तासाभराने त्यांच्या गावचा एक गडी आला आणि "आमच्या म्हाताऱ्याचं रगत हाय" म्हणून एक बाटली ठेवून गेला. दोन्हीचे आकडे मी लिहून दिले. संध्याकाळी दाजी दोन्ही कागद घेऊन माझ्या खोलीवर हजर. दुसरी बाटलीही त्यांच्याच रक्ताची होती. गावच्या कंपाउंडरकडून काढून घेतली होती. आकडे जुळले होते. मला इतका संताप आला की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ते मात्र कागदाची घडी घालत, अगदी शांतपणे म्हणाले, "पावणं, आता तुमी सांगाल ते मला कबूल. पुन्यांदा तपासणार न्हाई." तेव्हा मला तो माझा विजय वाटला होता. आज वाटतं, माझी परीक्षा त्यांनी चालू ठेवली असती तर फार बरं झालं असतं.

इथवरचं सगळं मी चारचौघांत नेहमी हसत सांगतो. पुढचं मी तिथे कधी सांगितलेलं नाही.

करोनाचा तो पहिला उन्हाळा. रस्ते बंद, बाजार बंद. दाजींचं खरबूज शेतात पिकून फुटत होतं आणि गाई-म्हशींना घालून उरत होतं. इकडे आमच्या हॉस्पिटलात मास्क संपत आले होते. जे चांगले, नाकाशी घट्ट बसणारे होते, ते मोजके. डॉक्टर, नर्स आणि रुग्णांचे नमुने घेणारा मी, अशा आम्हा थोड्या लोकांना एकेक मिळाला होता, आणि तो कागदी पिशवीत सुकवून, पुन्हा पुन्हा वापरायचा होता. बाकीच्यांनी काय करायचं हे वरून कोणी सांगत नव्हतं. मी क्वार्टरवर अडकलो होतो आणि रोज संध्याकाळी अक्काला फोन करत होतो. एकदा तिच्याजवळ रडगाणं गायलो. दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला, "पावणं, एक साधा मास्क धाडा. जुना बी चालंल." मी न वापरलेला निळा मास्क भाजीच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवला. दाजींनी तो उसवला. आत तीन पदर निघाले. बाहेरचे दोन बघून ते फोनवर जवळजवळ ओरडलेच, "अवो, ही तर आपली खरबुजाची चादर!"

ज्यांनी खरबुजाचं शेत बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोवळ्या वेलांवर किडी बसू नयेत म्हणून आमच्याकडे पांढरं, तलम, कापड म्हणावं तर कापड नाही आणि कागद म्हणावा तर कागद नाही असं एक आच्छादन घालतात. त्याला क्रॉप कव्हर म्हणतात. दाजींचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मास्कचे बाहेरचे पदर जवळपास त्याच जातीचे असतात. शेतावरून काढलेलं कव्हर गोठ्यात पडलेलं होतं, पण त्याला त्यांनी हात लावला नाही. "त्याच्यावर फवारलंय. जे नाकाला बांधायचं त्याला औषदाचा वास सुदिक नगं," म्हणून पुढच्या हंगामासाठी आणलेला कोरा रोल त्यांनी फोडला. गोम होती ती मधल्या पदराची. तो पदर कशाचा असतो ते दाजींना कळेना आणि मिळण्यासारखा तर तो नव्हताच. त्याच्या जागी काय घालावं हे ठरवण्यासाठी त्यांनी जी परीक्षा काढली, ती जगातल्या कुठल्या प्रयोगशाळेत झाली नसेल.

गावात मिरची-मसाला कुटून देणारं एक कांडप आहे. उन्हाळा म्हणजे वर्षाच्या मसाल्याचे दिवस. त्यामुळे टाळेबंदीतही सकाळचे दोन तास ते चालायचं. तिथे नुसतं दारात उभं राहिलं तरी माणूस शिंकून बेजार होतो. दाजी वेगवेगळ्या कापडांचे मास्क शिवून घेऊन तिथे जाऊ लागले आणि मिरची कुटणाऱ्या डंक्याच्या अगदी शेजारी पोत्यावर बसू लागले. कांडपवाल्या बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी मिरच्या आणायच्या इसरलात." दाजी म्हणाले, "मिरच्या लोकांच्या चालत्यात. मला फकस्त हवा पायजेल." आणि ते शिंका मोजू लागले. बनियनचं कापड, दूध गाळायचं फडकं, फेट्याचा तुकडा, पोराच्या जुन्या गणवेशाची चड्डी, सगळ्यांची पाळी आली. फडक्यातून सतरा शिंका आल्या. छत्रीच्या कापडातून एकही नाही, पण दाजी डोळे पांढरे करून पोत्यावर कलंडले आणि बायकांनी तो मास्क ओढून काढला. "मिरची बी आत ग्येली न्हाई, अन् वारं बी," असा त्यांनी मला निकाल कळवला. सरतेशेवटी अक्काची शेकडो वेळा धुतलेली एक सुती साडी चौपदरी करून, दोन्ही बाजूंनी खरबुजाची चादर लावून जो मास्क झाला, तो पास झाला. दोनच शिंका, मास्क बांधून पेटती काडी फुंकली तर विझत नव्हती, आणि श्वास घेता येत होता. नाकावर दाबून बसावी म्हणून आत बारीक तार घातली. बांधायला टोमॅटोची झाडं बांधायची सुतळी. साडी गेल्याचं अक्काला मास्क तयार झाल्यावर कळलं.

पहिली पिशवी आली तेव्हा मी एकटाच खोलीत हसत बसलो. प्रत्येक मास्कला टाचणीने चिठ्ठी लावली होती आणि तीवर दाजींच्या वळणदार अक्षरात निकाल होता: "मिरची, शिंका दोन. काडी विझली नाही. पास." मी ती पिशवी आमच्या डॉक्टरांना नेऊन दाखवली. थकलेला, तरुण माणूस. त्यालाही किती दिवसांनी हसू आलं. त्याने मास्क उजेडात धरला, ओढून बघितला आणि म्हणाला, "नसण्यापेक्षा बरं आहे. गावात, बाजारात, येता-जाता उत्तम. पण मिरचीचा कण मोठा असतो. वॉर्डात रुग्णाजवळ हा चालणार नाही. तिथे नको."

त्या संध्याकाळी मी फोन केला. पलीकडे दाजी श्वास धरून असल्याचं कळत होतं. मी सांगितलं, "साहेबांनी बघितला. बरं आहे म्हणाले." एवढंच. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं आणि मी ते गिळलं. का गिळलं? त्या महिन्यात कोणाला सांगण्यासारखी एकही चांगली बातमी माझ्यापाशी नव्हती, आणि पलीकडे एक म्हातारा होत चाललेला माणूस मिरचीने सुजलेले डोळे घेऊन बसला होता. दाजींनी फोन बाजूला केला. मग आवाज आला, "अगं, ऐकलं का, पास झालो!" त्या रात्री अक्काने शिरा केला म्हणे.

आमच्याकडे झाडलोट करणारी एक मावशी होती. घोडेगावच्या पुढे, डोंगरातल्या एका गावची. बसगाड्या बंद झाल्यावर ती हॉस्पिटलच्या मागच्या खोलीतच राहायला लागली. ठेंगणी, मोठ्या आवाजाची, आणि डॉक्टरांनाही "पाय पुसून या" म्हणून दारात थांबवणारी. चांगले मास्क वाटले तेव्हा तिचं नाव यादीत नव्हतं, आणि ते नाही याचं आम्हा कोणाला काही वाटलंही नाही. दाजींचा पहिला मास्क मी तिला दिला. तिने तो बांधला आणि निरोप धाडला, "सुतळी टोचती म्हनावं, तेवढं बगा." दाजींनी पुढची खेप परकराच्या नाडीची केली. मग निरोप गेला की कानाशी फट राहते. दाजींनी कडेला चुणी घेतली. दोघांनी एकमेकांना कधी बघितलं नव्हतं, पण दाजींच्या फोनची सुरुवात आता "अक्काशी बोला" अशी होत नसे, "मावशी काय म्हन्ती?" अशी होई. एकदा मी फोन तिच्याच हातात दिला. "शिंका येत्यात का वो?" दाजींनी विचारलं. "मला शिंकायला टाइम कुटंय, भाऊ," ती म्हणाली, आणि दोघंही खळखळून हसले. सगळ्या वस्तूंची परीक्षा घेणाऱ्या दाजींना जन्मात पहिल्यांदा एक परीक्षक भेटली होती, आणि तिच्यापुढे ते शाळेतल्या पोरासारखे धडपडत होते.

मग आमच्या वॉर्डात करोनाचे रुग्ण आले. ज्या सकाळी मावशी पहिल्यांदा तिथे पुसायला निघाली, त्या सकाळी दारात तिला मी भेटलो. तोंडावर दाजींचा मास्क होता. ती थांबली आणि म्हणाली, "भाऊ, वार्डात चालंल नव्हं ह्यो?" मला नीट आठवतं. माझ्या हातात नमुन्यांचा डबा होता. डॉक्टरांचं वाक्य मला शब्दाला शब्द आठवत होतं. कपाटात चांगल्या मास्कचा शेवटचा खोका होता, तो उघडायला सांगायचं तर कोणाशी तरी भांडावं लागलं असतं, आणि भांडून तो तिच्यासाठी उघडला असता की नाही कोण जाणे. मी म्हणालो, "चालेल, मावशी." ती आत गेली.

सोळा दिवसांनी मावशी गेली. पुण्याला नेलं होतं, तिथेच सगळं झालं. घरच्यांना तोंडही बघायला मिळालं नाही. तिला ते कुठून झालं हे कोणी सांगू शकत नाही. ती वॉर्डात जात होती, तशीच मोरीवर भांडी घासत होती, आणि दुपारी आम्हा सगळ्यांबरोबर मास्क खाली करून चहाही पीत होती. ते सांगणारं यंत्र माझ्या लॅबमध्ये नव्हतं, आणि ते कुठेच नसतं. पण ही गोष्ट डॉक्टरला पटते, मला पटते. दाजींना कशी पटावी? बातमी कळल्यावर त्यांनी आधी मावशीचा शेवटचा मास्क मागितला. तो कचऱ्याबरोबर जाळला गेला होता. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "पावणं, सायेब काय म्हनालं व्हतं? जसंच्या तसं सांगा." आणि मी पुन्हा तेच सांगितलं, "बरं आहे म्हणाले होते, दाजी."

तेव्हापासून दाजी बदलले असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे त्यांचं सगळं पहिल्यासारखंच होतं, फक्त त्यातली गंमत कोणी काढून घेतल्यासारखी झाली होती. उन्हाळा आला, कांडप सुरू झालं की ते सकाळी उठून तसलाच मास्क बांधायचे आणि डंक्याशेजारी जाऊन बसायचे. करोना ओसरला, लोकांनी मास्क टाकून दिले, मुलं त्या दिवसांच्या नकला करायला लागली, तरी दाजी जातच राहिले. गावाला आता ते हसण्यावारी नेण्यासारखंही वाटेना. परवाच्या उन्हाळ्यात मी गेलो होतो तेव्हा कांडपवाल्या बाईंनी मला रस्त्यात थांबवलं. "तुमच्या दाजीस्नी जरा समजवा. डोळं जातील त्यांचं. काय शोदत्यात तेच कळंना." मी आत डोकावलो. लाल धुरळ्यात, पोत्यावर, गुडघे पोटाशी घेऊन दाजी बसले होते. कानाजवळ, गालाजवळ, नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटं फिरवत होते. फट शोधत होते. इतकी वर्षं हा माणूस त्या एका मास्कमधली फट शोधतोय, आणि ती फट माझ्यापाशी आहे, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मला रडू आलं. मिरचीमुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांना बाहेर बांधावर आणलं, डोळ्यांवर पाणी मारलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांचं अख्खं वाक्य, वॉर्डाच्या दारातलं माझं उत्तर, काहीच राखलं नाही. मला वाटलं होतं ते मला शिव्या देतील, किंवा निदान त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. दोन्ही झालं नाही. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "तुमी अर्दं सांगितलं," ते म्हणाले, "पर मी तरी पुरतं कुटं इचारलं? मेंढीची कुंडली करून घेनारा मानूस मी. त्या दिशी मला पास व्हायचं व्हतं, पावणं. म्हनून इचारलं न्हाई." मग टोपी परत डोक्यावर ठेवत, "मला सांगून काय उपेग? ज्यांचं मानूस ग्येलं त्यास्नी सांगा. मी येतो संगती."

चार दिवसांनी आम्ही घोडेगावला जाऊन डोंगराकडची बस धरली. मावशीचं घर गावाच्या टोकाला, भाताच्या खाचरांच्या वर होतं. तिचे मालक दारातच बसले होते. वाळलेले, कमी ऐकू येणारे गृहस्थ. आम्ही कोण हे कळल्यावर त्यांनी घोंगडी टाकली. मी सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने, कारण त्यांना ऐकू जात नव्हतं. ओरडून सांगताना माझं प्रत्येक वाक्य मलाच नव्याने ऐकू येत होतं. दाजी मध्येच हात जोडून म्हणाले, "बाबा, मास्क म्या शिवला व्हता. माजं बी चुकलं." म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बघितलं. "तुमीच व्हय ते शिंकावालं भाऊ? फोनवर सांगायची ती. लई हसायची." मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. रागाने नव्हे, नुसतं माहीत करून घ्यावं तसं त्यांनी विचारलं, "तवा तुमच्या तोंडाला कंचा व्हता?"

"चांगला," मी म्हणालो. "सरकारकडून आलेला."

म्हाताऱ्याने मान हलवली. उठून आत गेले, आणि बऱ्याच वेळाने स्वतःच केलेला कोरा चहा दोन कपांत घेऊन आले. "बाईमानूस न्हाई घरात," एवढंच म्हणाले. आम्ही चहा प्यालो. निघताना मी पाया पडलो तेव्हा त्यांनी मला अडवलं नाही आणि आशीर्वादही दिला नाही.

परतीच्या बसमध्ये दोघंच मागच्या बाकावर होतो. घाटाची वळणं संपली तसे दाजी सरळ बसले. मग समोर बघत म्हणाले, "त्या बाबानं इचारलं, ते माज्या बी मनात कैकदा आलं व्हतं. तुमच्या तोंडाला कंचा व्हता, ह्ये. इचारलं न्हाई कदी."

"का नाही विचारलंत, दाजी?"

"इचारलं असतं तर तुमचं यायचं बंद झालं असतं. तुमच्या अक्काला तुमच्याबिगर म्हायेर कुटलं? अन् मला बी..." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. घोडेगाव येईपर्यंत ते माझा हात धरून बसले होते.